आधी 'के' आणि 'क्यू' एक करून घे

बाय, तू विचारलंस की पणजीतल्या हॉटेलातली नोकरी सोडून इंग्लंडला जाऊ का, तिथे म्हणे कामावर बायकांना पुरुषांसारखंच वागवतात. व्हिसाची फी, परीक्षा वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, ते तूच बघ.

आमचे कागद दीड वर्ष अडकले ते एका अक्षरापायी. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करायची, तर सासऱ्यांच्या जुन्या दाखल्यावर नाईक आडनाव इंग्रजी 'क्यू'नं आणि नवऱ्याच्या दाखल्यावर 'के'नं. म्हापशाला अॅफिडेव्हिट, पणजीला शिक्का, परत म्हापसा. वकिलाची फी आठवली की अजून जीव जळतो. तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर सरळ इंग्लंडातलं स्विंडन गाठता यायचं. 2021पासून ते बंद, म्हणून तुला स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी हमी घेणारा मालक, शोधावा लागतोय.

कायदा तिथे भक्कम आहे गो. 1968ला डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात शिलाई करणाऱ्या बायका संपावर गेल्या, त्यातूनच 1970चा समान वेतनाचा कायदा आला. 2024ला नेक्स्ट या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानांतल्या कामगारांनी, त्यात बहुतेक बायकाच, दावा जिंकला: गोदामातल्यांना आमच्यापेक्षा जास्त पगार का? मी गोदामातलीच. पण माझं दुखणं पगाराचं नव्हतं.

2019. मला पाचवा महिना. सुपरवायझरला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यापासून शिफ्ट घटल्या. पाचाच्या दोन झाल्या, मग एजन्सीचा मेसेजच येईना. युनियनमधली एक पोलिश बाई म्हणाली, हा सरळ भेदभाव आहे, आधी एकासला, म्हणजे कामावरचे तंटे मिटवणाऱ्या सरकारी संस्थेला, फोन कर, तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, त्यातही एक दिवस कमी. 'प्रेग्नंट देन स्क्रूड' ही आयांची संघटना फुकट सल्ला देते, तिचा नंबरही तिनंच चिठ्ठीवर लिहून दिला. नवरा म्हणाला, सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात येऊ दे, तोवर गप रहा. स्टेटस आलं तेव्हा मुदत टळली होती. तक्रारीचा त्या कागदाशी काडीचा संबंध नव्हता, हे मागाहून कळलं. भांडण झालं की मी खापर नवऱ्यावर फोडते. पण फोन माझ्याच हातात होता ना?

आणि हीच मी कॉलेजात असताना 'बायलांचो साद' या गोव्यातल्या स्त्री संघटनेच्या बायांबरोबर पणजीच्या आझाद मैदानावर घसा बसेपर्यंत घोषणा देत होते.

तुझं माझ्याहून कठीण. व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर, नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण 60 दिवस. भेदभावाचा कायदा पहिल्या दिवसापासून तुझ्याही बाजूनं असेल, पण तोंड उघडताना ते 60 दिवस डोक्यात वाजत राहतील. युनियनमध्ये पहिल्याच महिन्यात नाव घाल. आणि तुझ्या हॉटेलात कामावरच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याची समिती आहे का? दहा माणसं कामाला असली की ती लागतेच. फलकावर नावं बघितलीस कधी?

एकटेपणा? असतो. थंडीत जास्त. चालतं.

मुलीचं मात्र अजून सलतं. मडगावला इंग्रजी माध्यमात पहिला नंबर काढणारी पोर, तिला तिथे इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात बसवलं, सहा महिने. तिथेही मी जाऊन भांडले नाही.

ती चिठ्ठी अजून पासपोर्टच्या पाकिटात आहे. असो. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव कसं लिहिलंय, ते आजच बघ.