जुलाब, जॅलप आणि गुलाबपाणी

प्रश्न: अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या औषधांत 'जॅलप' असलेल्या गोळ्या होत्या असं वाचलं. आपला 'जुलाब' त्यावरूनच आला ना? आणि त्यांना 'जुलाबाच्या गोळ्या' म्हटलं तर चालेल?

उत्तर: नाही आला. उच्चार जुळला की व्युत्पत्ती झाली, ही खोड कधी जाणार कोण जाणे! जॅलप हे मेक्सिकोतल्या हलापा गावावरून पडलेलं नाव. तिथल्या एका वेलीचं रेचक मूळ स्पॅनिशांनी युरोपात नेलं, म्हणजे कोलंबसानंतरच. जुलाब तर प्रसिद्ध वैद्य इब्न सिनाच्या काळीही, अकराव्या शतकात, अरबी वैद्यकात होता. तो मूळचा फारसी 'गुलाब': गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. अरबीत 'ग' नाही, म्हणून 'ज'. गुलाबपाण्याचा शौचाशी संबंध कसा जडला? माझं मत: कडू रेचकं गोड गुलाबपाकातून पाजत, आणि पाकाचं नाव औषधाला चिकटलं. 'अरबी' एवढा शिक्का मारून पुढे जाणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही, याचं मला नवल वाटतं.

याच शब्दाचं इंग्रजी भावंड 'जूलेप'. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ते बर्बन व्हिस्की, साखर नि पुदिना घालून पितात, आणि क्लार्कने मोहिमेसाठी बरेच गडी याच केंटकीतून घेतले होते! आणखी गंमत म्हणजे आपल्या गुलबक्षीचं शास्त्रीय नाव 'मिराबिलिस जलापा'. तिच्या मुळालाच एकेकाळी जॅलप समजत. म्हणजे मराठी नावात गुल, लॅटिन नावात हलापा; नातं नसलेले दोघे एकाच झाडावर भेटले.

हां, गोळ्या. फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांच्या त्या गोळ्यांत जॅलपबरोबर कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, असे. १८०३ साली लुईसने अशा ५० डझन घेतल्या. तुकडीत डॉक्टर एकही नव्हता. सप्टेंबर १८०५ मध्ये बिटररूट डोंगर उपाशीपोटी ओलांडल्यावर माणसांनी कामास नावाच्या वनस्पतीचे कंद नि सुका सामन मासा भरपेट खाल्ला. पोटं बिघडली, ढाळ लागले, आणि क्लार्कने त्यांना याच गोळ्या दिल्या! आज औषधांच्या दुकानात 'जुलाबाची गोळी' मागा, जुलाब थांबवणारी मिळते. तेव्हा लेखात 'रेचक गोळ्या' लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल क्लार्क शहाणपणाने वागला.