भाव रास्त की गोरा?

प्रश्न : बाई, नमस्कार. कोरेगाव तालुक्यात माझं रेशन दुकान आहे. दिवाळीआधी नवा बोर्ड रंगवून घेतला. वर मराठीत 'रास्त भाव दुकान', खाली इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप'. पेंटरने 'फेअर'चं स्पेलिंग एफ-ए-आर-ई केलं. सातवीतल्या लेकीनं ते पकडलं. तिचं म्हणणं एफ-ए-आय-आर पाहिजे. खात्री करायला डिक्शनरी उघडली, तर त्यात गोरा, सुंदर, जत्रा, बरा, स्वच्छ, निःपक्षपाती असे अर्थ ओळीनं दिलेले. आता ती येताजाता विचारते, "पप्पा, आपल्याकडे गोरा भाव मिळतो का?" एका शब्दाला इतके अर्थ कसे? आणि पेंटरचं खरंच चुकलं का?

उत्तर : लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण 'गोरा भाव' कुणी काढला नव्हता!

पेंटरचं चुकलं, पण त्यानं लिहिलेला शब्दही खराच आहे. एफ-ए-आर-ई म्हणजे प्रवासभाडं. जुन्या इंग्रजीत 'फारान' म्हणजे प्रवास करणं, त्यावरून हा शब्द आला. 'फेअरवेल' त्याच घरातला. मुळात जाणाऱ्याला 'सुखरूप जा' म्हणणं. मार्च २०२३पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते हे फेअर. वाई-सातारा गाडीत माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ मागे कुरकुरले, "पूर्ण पैसे आम्ही द्यायचे आणि निम्म्यात तुम्ही बसायचं, हा कुठला न्याय?" त्यांना जे विचारायचं होतं ते दुसरं फेअर, तुमच्या लेकीचं. कानाला दोन्ही सारखेच, म्हणून पेंटरवर फार रागावू नका.

आता डिक्शनरीतल्या यादीकडे. त्यातली जत्रा आधी बाहेर काढा. स्पेलिंग तेच असलं तरी तो शब्द वेगळ्याच घराण्यातला. लॅटिनमध्ये सणाच्या, सुट्टीच्या दिवसाला 'फेरिया' म्हणत. तो फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला. संताच्या सणाला लोक चर्चपाशी जमत आणि तिथेच बाजार भरे. आमच्या वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला बगाडाची जत्रा असते, तिथे दुसरं काय होतं? देव भैरवनाथाचा, आणि गर्दी भेळ, बांगड्या, खेळण्यांच्या दुकानांवर. जत्रा आणि निःपक्षपातीपणा यांचं नातं शोधत बसू नका, स्पेलिंग जुळलं हा निव्वळ योगायोग.

उरलेले सगळे अर्थ मात्र सख्खे. जुन्या इंग्रजीत 'फॅगर' असा शब्द होता, मधला 'ग' पुढे बोलता बोलता गळाला. अर्थ सुंदर, बघून बरं वाटेल असं. ढग नसलेलं आकाश फेअर. खाडाखोड नसलेला कागदही फेअर. शाळेत आपण रफ वही आणि फेअर वही म्हणतो ती हीच. कागदावर डाग नाही तसा व्यवहारातही डाग नाही, माप मारलेलं नाही, आपला-परका केलेला नाही, तर तो व्यवहारही फेअर. इतकी सरळ वाट आहे ही.

वाट वाकडी झाली ती 'गोरा'पाशी. सुंदर म्हणजे उजळ, असं इंग्रजांनी ठरवलं आणि शब्द कातडीला चिकटला. पण आपण तरी काय वेगळं केलं? जुन्या मराठीत 'गोमटे' म्हणजे सुंदर, चांगलं. त्यात रंगाचा संबंध नव्हता. आज तो शब्द एकटा कुठे भेटतो का बघा. 'गोरागोमटा' असाच भेटतो, गोऱ्याच्या शेपटीला बांधलेला. माझं लग्न ठरवताना मामांनी माहितीच्या कागदावर 'निमगोरी' लिहिलं होतं. मी चांगली सावळी. कागद हातात घेऊन पाहुणे माझ्याकडे बघत होते आणि मी चहाच्या कपाकडे. इंग्रजी जाहिरातीत असते तर 'व्हीटिश' झाले असते, म्हणजे तुमच्या दुकानातल्या गव्हासारखी. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. नावातलं 'फेअर' जाऊन तिथे 'ग्लो' यायला २०२० उजाडलं. तेव्हा लेकीला हा अर्थ जरूर सांगा, परीक्षेत येऊ शकतो. पण पहिला अर्थ म्हणून शिकवू नका.

'बरा' हा अर्थ मला स्वतःला कधी आवडला नाही. प्रगतिपुस्तकात 'गुड'च्या खाली 'फेअर' येतं, म्हणजे ढकलून पास. सुंदरपासून निघालेला शब्द ठीकठाकवर येऊन बसला. 'अ फेअर नंबर' म्हटलं की बऱ्यापैकी संख्या, आणि 'फेअरली'ही त्याच पठडीतलं. इथे एक बारकावा आहे. खोली 'फेअरली वॉर्म' म्हणजे छान उबदार; 'रादर वॉर्म' म्हणजे जरा उकडतंय बाई, खिडकी उघडा.

अर्थ ओळखायला मी वर्गात एक युक्ती वापरायची. शब्दाचा अर्थ विचारायचा नाही, त्याच्या समोर कोण उभं आहे ते विचारायचं. समोर रफ असेल तर फेअर म्हणजे पक्कं. समोर डार्क असेल तर गोरं. समोर फाउल असेल तर नियमाला धरून. तुमच्या बोर्डावरच्या फेअरसमोर कोण उभं आहे? काळाबाजारवाला. झालं, अर्थ लागला.

समानार्थी शब्द लिहायला सांगितले की मुलं 'जस्ट', 'ईक्वल', 'रिझनेबल' एका दमात लिहून मोकळी होतात. 'जस्ट'ला कोर्टाचा वास आहे. लॅटिनमधल्या कायदा या शब्दावरून तो आला. जस्ट प्राइस म्हणणारा माणूस भाजी घेत नसतो, भाषण करत असतो. 'रिझनेबल' भावाला अगदी चपखल, म्हणजे आपलं 'वाजवी'. 'ईक्वल' मात्र सरळ चूक, आणि हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अंत्योदयच्या, म्हणजे सर्वांत गरीब घराच्या, कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे त्याहून जरा बऱ्या स्थितीतल्या घराला, माणशी ५ किलो. म्हणजे अंत्योदयमधल्या दोन म्हाताऱ्यांच्या घरी ३५ आणि शेजारच्या पाच जणांच्या घरी २५. हे ईक्वल नक्कीच नाही. फेअर आहे, कारण सर्वांत गरीब घराला जास्त द्यायचं असं कायद्यानं ठरवलंय. त्या पाच जणांच्या घरातली बाई तुमच्या काट्यासमोर उभी राहून वेगळं म्हणत असेल, आणि तिचंही मला पटेल.

तुमच्या बोर्डावरचा मला सर्वांत आवडलेला शब्द मात्र वरच्या ओळीत आहे. हिंदीत 'उचित' म्हणतात, आपण 'रास्त' म्हणतो. हा फारसीतून आलेला. मूळ अर्थ सरळ, बरोबर. इंग्रजी 'राइट'चा तो दूरचा भाऊ लागतो, दोघांचं मूळ एकच. 'वाजवी'ही बाहेरचाच, अरबी 'वाजिब'वरून. भावाच्या घासाघिशीत आपण संस्कृतला फारसं बोलावत नाही. मंडईत 'न्याय्य किंमत सांगा' म्हणून बघा, भाजीवाली तुम्हाला पत्रकार समजेल.

एक गंमत तुमच्याही लक्षात आली असेलच. १ जानेवारी २०२३पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं गहू-तांदूळ फुकट आहे. त्याआधी तांदूळ ३ रुपये किलो, गहू २. आता भावच शून्य, तरी दुकान 'रास्त भावा'चं. लेकीनं यावर प्रश्न विचारला तर उत्तर तुम्हीच द्या.

आणि पेंटरला अख्खा बोर्ड पुसायला लावू नका. एफ आणि ए बरोबर आहेत. शेवटची दोन अक्षरं खरवडून तिथे आय आणि आर काढायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. रंगाचे पैसे कुणी द्यायचे ते मात्र तुम्ही दोघं बघा.