वाचकांचे प्रश्न : फुगा फुटला की देशाला काय विकावं लागतं?

गेल्या अंकातल्या शेअर बाजारावरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत. काही पत्रं लांब होती, त्यांचा मथितार्थ दिला आहे.

प्रश्न : शेअर बाजार किंवा जमिनीचे भाव कोसळले तर गुंतवणूकदार बुडतात, हे समजतं. पण त्याचा देशाच्या संरक्षणाशी संबंध कसा लागतो? सीमेवरच्या जवानाला सेन्सेक्सशी काय देणंघेणं? (सातारा)

याचं उत्तर थायलंडच्या उदाहरणातून नीट कळतं. तिथे जे घडलं त्याचे सगळे टप्पे आज उघड आहेत.

1990 नंतर बँकॉकमध्ये जमीन, ऑफिसच्या इमारती आणि फ्लॅट यांची मोठी तेजी होती. थायलंडचं चलन बात हे एका डॉलरला साधारण 25 या भावाला बांधून ठेवलेलं होतं. देशात व्याजाचे दर चढे, डॉलरमधल्या कर्जाचे कमी. 1993 मध्ये सरकारने बँकांना परदेशातून डॉलर उचलून देशात कर्ज देण्याची सोय करून दिली. बँका आणि वित्त कंपन्या काही महिन्यांच्या मुदतीवर डॉलर आणायच्या आणि ते बांधकामात वर्षानुवर्षांसाठी गुंतवायच्या. भाव बांधलेला आहे म्हटल्यावर चलनाच्या जोखमीचा विमा कोण काढणार? बहुतेकांनी काढलाच नाही.

यात दोन दोष एकावर एक बसले होते. देणं डॉलरमध्ये आणि येणं बातमध्ये, हा एक. देणं आज-उद्याचं आणि येणं पाच-सात वर्षांनी, हा दुसरा. फ्लॅट रिकामे राहू लागले, सावकारांनी मुदत वाढवून देणं थांबवलं आणि सगळे एकाच वेळी डॉलर मागायला लागले.

मध्यवर्ती बँकेने भाव टिकवायला डॉलर विकले, तेही मुख्यतः वायद्याने, म्हणजे 'पुढच्या तारखेला देतो' अशा कराराने. वायद्यात विकलेले डॉलर त्या तारखेपर्यंत तिजोरीतच दिसतात. त्यामुळे जून 1997 मध्ये कागदावर 30 अब्ज डॉलरच्या वर साठा होता, पण त्यातला बहुतेक दुसऱ्याला देऊन टाकलेला होता. 2 जुलै 1997 रोजी बात मोकळा सोडावा लागला. ऑगस्टमध्ये 23.4 अब्ज डॉलरच्या वायद्यांची बांधिलकी जाहीर करावी लागली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने 17.2 अब्ज डॉलरची मदत अटींसह घ्यावी लागली. जानेवारी 1998 मध्ये एका डॉलरला 50 हून अधिक बात मोजावे लागत होते.

आता तुमच्या जवानाकडे येऊ. थायलंडने 1996 मध्ये अमेरिकेकडून आठ एफ/ए-18 लढाऊ विमानं मागवली होती, किंमत सुमारे 39 कोटी डॉलर. 25 च्या भावाने ती 975 कोटी बात होते. 50 च्या भावाने तेवढीच विमानं 1,950 कोटी बातना पडतात. विमान तेच, इंजिन तेच, थायलंडच्या हवाई दलाची गरजही तीच. 1998 मध्ये सौदा रद्द झाला आणि ती विमानं अमेरिकेच्या मरीन कोअरकडे गेली. स्पेनमध्ये बांधून घेतलेली 'चक्री नारुबेट' ही विमानवाहू नौका 1997 मध्ये थाई नौदलात दाखल झाली. इंधन आणि सुटे भाग यांना पैसा नसल्याने ती बहुतेक काळ बंदरातच उभी राहिली. इंडोनेशियानेही त्याच संकटात रशियाकडून घ्यायची बारा सुखोई विमानं सोडून दिली.

शत्रूने यातलं काहीच केलं नव्हतं. विमानं हातची गेली ती रिकाम्या फ्लॅटपायी.

प्रश्न : मग आपल्या देशाची स्थिती सामान्य नागरिकाने कशी तपासायची? दर शुक्रवारी 'परकीय चलन साठा वाढला' किंवा 'घटला' एवढीच बातमी येते. (लातूर)

ती बातमी रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीतून येते. पुरवणी बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एक आकडा वाचून थांबू नका. महिन्यातून एकदा अर्धा तास काढा आणि पुढच्या क्रमाने जा.

आधी साठ्याचे घटक पाहा. परकीय चलनातली मालमत्ता, सोनं, नाणेनिधीचे विशेष आहरण अधिकार (निधीने सदस्य देशांना वाटलेली राखीव मालमत्ता) आणि नाणेनिधीतली राखीव स्थिती (निधीत असलेला, गरजेला काढता येणारा वाटा) असे चार भाग असतात. सोन्याचा भाव वाढला की एकही डॉलर न येता साठा फुगलेला दिसतो. डॉलरच्या तुलनेत युरो किंवा येन वधारला तरी तसंच होतं, कारण सगळा हिशेब डॉलरमध्ये मांडला जातो. म्हणून 'साठा वाढला' म्हटल्यावर वाढ कोणत्या रकान्यात झाली, हे पाहायचं.

मग रिझर्व्ह बँकेचं मासिक बुलेटिन उघडा. त्यात परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीचा तक्ता असतो आणि शेवटाकडे वायद्यातल्या निव्वळ शिलकेची ओळ. आकडा उणे असेल तर तेवढे डॉलर पुढच्या तारखांना द्यायचे आहेत. थायलंडच्या नागरिकांपुढे ही ओळ उघड नव्हती, आपल्यापुढे आहे. साठ्यातून ती वजा करून बघण्याची सवय लावून घ्या.

तिसरा आकडा बाह्य कर्जाच्या तिमाही प्रकाशनात मिळतो आणि इथे बहुतेकांची गफलत होते. 'अल्पमुदतीचं कर्ज' दोन तऱ्हांनी मोजतात : मूळ मुदतीप्रमाणे आणि उरलेल्या मुदतीप्रमाणे. पाच वर्षांसाठी घेतलेलं कर्ज आठ महिन्यांनी फेडायचं असेल, तर पहिल्या मोजणीत ते दीर्घ मुदतीत बसतं आणि दुसऱ्यात अल्प मुदतीत. तुम्ही उरलेल्या मुदतीचा आकडा घ्या. येत्या बारा महिन्यांत फेडायचं एकूण परदेशी कर्ज साठ्याहून कमी हवं. थायलंडपासून सुरू झालेल्या आशियातल्या संकटानंतर जगभर हाच किमान निकष मानला जातो. त्याहून जुना निकष म्हणजे निदान तीन महिन्यांच्या आयातीएवढा साठा.

जून 1991 मध्ये आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. ते संकट बाजाराच्या फुग्यातून आलेलं नव्हतं. सरकारची वर्षानुवर्षांची तूट, आखाती युद्धामुळे महागलेलं तेल आणि अल्पमुदतीची परदेशी उसनवारी ही कारणं होती. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या तेव्हा उरलासुरला दमही गेला. मे महिन्यात 20 टन सोनं स्टेट बँकेमार्फत परत विकत घेण्याच्या अटीवर विकलं गेलं आणि जुलैमध्ये सुमारे 47 टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. त्यातून मिळाले सुमारे 40 कोटी डॉलर. सप्टेंबर 2024 अखेर रिझर्व्ह बँकेकडे 854.73 टन सोनं होतं आणि त्यातलं 510.46 टन देशातच ठेवलेलं होतं. सोनं किती, याबरोबर ते कुठे ठेवलं आहे याचीही नोंद घ्यावी. परदेशातलं सोनं गहाण टाकायला किंवा विकायला सोपं जातं, पण दुसऱ्या देशाच्या निर्बंधांच्या कक्षेतही तेच येतं.

प्रश्न : बाजार पडत असताना एसआयपी बंद करणं किंवा शेअर विकणं देशहिताच्या विरोधात आहे, असं सांगितलं जातं. खरं काय? (डोंबिवली)

तुम्ही रुपयांत विकता, घेणारा रुपये देतो, पैसा देशातच राहतो. साठ्यातला एकही डॉलर हलत नाही. परदेशी गुंतवणूकदार विकतो आणि ते रुपये डॉलरमध्ये बदलून बाहेर नेतो, तेव्हा साठ्यावर आणि रुपयावर ताण येतो. तुमचा निर्णय तुमच्या गरजेवर आणि मुदतीवर घ्या, देशभक्तीचं ओझं त्यावर कुणी टाकू नये.

प्रश्न : फुगा फुटल्यावर परदेशी कंपन्या आपल्या महत्त्वाच्या कंपन्या कवडीमोलाने विकत घेतील, ही भीती कितपत खरी आहे? (पणजी)

खरी आहे. आणि एकदा या व्यवहारात घेणाऱ्याच्या बाजूला आपणही होतो.

1990 च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटच्या तेजीत समुद्राखालून प्रकाशतंतूंच्या केबल टाकण्याची चढाओढ लागली. मागणीच्या कितीतरी पट क्षमता उभी राहिली. फुगा फुटला तेव्हा जानेवारी 2002 मध्ये ग्लोबल क्रॉसिंग ही बडी कंपनी दिवाळखोरीत गेली. केबलचं दुखणं असं की गिऱ्हाईक नसलं तरी खर्च थांबत नाही. ठरावीक अंतरावर संदेशाला बळ देणाऱ्या यंत्रांना, म्हणजे रिपीटरना, किनाऱ्यावरून वीज पुरवावी लागते, दुरुस्तीचं जहाज बांधून ठेवावं लागतं, किनाऱ्यावरची स्थानकं चोवीस तास चालू लागतात. म्हणून सावकार येईल त्या भावाला माल काढतात.

ग्लोबल क्रॉसिंगचा 61.5 टक्के हिस्सा 25 कोटी डॉलरना घ्यायला हाँगकाँगची हचिसन व्हॅम्पोआ आणि सिंगापूर टेक्नॉलॉजीज टेलिमीडिया पुढे आल्या. अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणांनी हचिसनबद्दल हरकतीचे मुद्दे काढले, एप्रिल 2003 मध्ये तिने माघार घेतली आणि सौदा एकट्या सिंगापूरच्या कंपनीने पुरा केला.

त्याच काळात टाटांच्या ताब्यातल्या विदेश संचार निगमने, म्हणजे मुंबईच्या व्हीएसएनएलने, टायको कंपनीचं 60,000 किलोमीटरचं केबलचं जाळं 13 कोटी डॉलरना घेतलं. ते उभारायला दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला होता. 2005 मध्ये व्यवहार पुरा होण्याआधी अमेरिकेने व्हीएसएनएलकडून सुरक्षा करार लिहून घेतला. केबलचा मालक कोण याइतकंच तिच्या नियंत्रण कक्षात कोण शिरू शकतो आणि संदेशांच्या नोंदी कुठे राहतात, हेही महत्त्वाचं असतं.

आपल्या सरकारने असं पाऊल 17 एप्रिल 2020 रोजी उचललं. कोविडच्या पडझडीत चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीमधला हिस्सा एक टक्क्याच्या वर गेल्याचं दिसलं. त्यानंतर, भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या थेट गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. बाजारातून घेतलेले लहान हिस्से मात्र थेट गुंतवणुकीत मोडत नाहीत.

एक गोष्ट तुम्ही घरबसल्या पाहू शकता. बंदर, वीज, दूरसंचार अशा क्षेत्रातल्या कोणत्याही नोंदणीकृत कंपनीचा तिमाही भागधारणा तक्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असतो. त्यात प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीवर ताबा असणाऱ्या मालकांनी, गहाण टाकलेल्या शेअरचा रकाना असतो. भाव चढलेला असताना शेअर गहाण टाकून कर्ज काढायचं, भाव पडला की सावकाराने ते बाजारात विकायचे आणि कंपनीवरचा ताबाच सुटायचा, अशी ही साखळी आहे. हा आकडा तिमाहीगणिक चढत असेल तर बाजार पडल्यावर ती कंपनी कुणाच्या हाती जाईल, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

प्रश्न : युद्धाच्या बातम्या आल्या की संरक्षण कंपन्यांचे शेअर उसळतात. ते घेतले तर परतावाही मिळेल आणि देशालाही मदत होईल, हे बरोबर ना? (नाशिक)

आधी युद्धाच्या तेजीबद्दल थोडं. मुंबईने ती फार पूर्वी भोगली आहे. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडच्या कापसाचाच आधार उरला. मुंबईत पैशांचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 पर्यंत गेला. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक दिली होती, आणि या बँकेत सरकार स्वतः भागधारक होतं. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, कापूस कोसळला आणि 1 जुलैला वायद्यांचा हिशेब पुरा करायला कुणाकडे पैसे नव्हते. बँकेचा 2,850 पर्यंत गेलेला शेअर 87 वर आला आणि 1868 मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. लढाई दुसऱ्यांची, तेजी तिच्यावर उभी आणि तारणही त्याच तेजीतलं, असा तो मामला होता.

आता तुमचा प्रश्न. बाजारात तुम्ही शेअर घेता तेव्हा पैसे तो विकणाऱ्याला मिळतात, कंपनीला नाही. युद्धनौका बांधणाऱ्या माझगाव डॉकचा शेअर सप्टेंबर 2020 च्या अखेरीस 145 रुपयांना पहिल्यांदा विक्रीला आला, तेव्हाही सरकारने स्वतःचा हिस्सा विकला होता. पैसे सरकारला मिळाले, गोदीला नवी क्रेन त्यातून आली नाही. भाव दहापट झाल्याने युद्धनौकेचं पोलाद लवकर कापलं जात नाही.

कामाचा वेग सुट्या भागांवर ठरतो. तेजस मार्क-1ए च्या 83 विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला. त्यासाठीचं पहिलं एफ-404 इंजिन अमेरिकेहून मार्च 2025 मध्ये आलं. इंजिन नाही तर विमान सुपूर्द होत नाही आणि सुपूर्द केल्याशिवाय मोठा हप्ता मिळत नाही.

शेअर घ्यायचाच असेल तर तीन हिशेब कागदावर मांडा. समजा, कंपनीचा वार्षिक नफा 2,000 कोटी आहे आणि बाजारमूल्य 1,20,000 कोटी. म्हणजे तुम्ही नफ्याच्या 60 पट मोजताय. भाव आहे तिथेच राहून हे गुणोत्तर 20 वर यायला नफा 6,000 कोटी व्हावा लागेल, आणि दरवर्षी 20 टक्के वाढ धरली तरी त्याला साधारण सहा वर्षं लागतात. दुसरा हिशेब हाती असलेल्या मागण्यांचा : 40,000 कोटींच्या मागण्या आणि वर्षाला 10,000 कोटींची उलाढाल असेल तर ते चार वर्षांचं काम आहे. बातमीतला मोठा आकडा एका वर्षाचा समजू नका. तिसरा हिशेब 'इतर उत्पन्न' या ओळीचा. जहाजबांधणीत ग्राहक, म्हणजे नौदल, टप्प्याटप्प्याने आगाऊ रक्कम देतं, ती बँकेत राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं. नफ्यातला मोठा वाटा त्या व्याजाचा असेल तर काम पुढे सरकेल तशी ठेव आटते आणि व्याजही. वार्षिक अहवालात नफा-तोट्याच्या पत्रकात ही ओळ अगदी वर, कामकाजाच्या उत्पन्नाच्या लगेच खाली छापलेली असते.