तुर्कस्तानचा अभ्यास करावा का?

प्रश्न : मी पुण्यात राज्यशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तुर्कस्तानच्या परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करावा असे मनात आहे. वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा आहे. 'ज्यांची सफरचंदे आम्ही विकायची थांबवली, त्यांचा अभ्यास करून तुला नोकरी कोण देणार?' असे ते विचारतात.

उत्तर : वडिलांचा प्रश्न रास्त आहे. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांकडे पाठ फिरवली. त्याच महिन्यात विमानतळांवर काम करणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी भारत सरकारने रद्द केली. असे झटके बसण्याआधी त्यांची चाहूल घेणारी माणसे आयातदारांना, बँकांना आणि सरकारलाही लागतात.

मात्र नुसती राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांची भाषणे वाचून हा देश कळणार नाही. तेल आणि नैसर्गिक वायू बहुतांशी बाहेरून आणावा लागत असल्याने रशियाशी बिघडवणे त्याला परवडत नाही. म्हणूनच तो युक्रेनला ड्रोन विकतो, पण 'नाटो' या पाश्चात्त्य लष्करी आघाडीचा सदस्य असूनही रशियावरील निर्बंधांत सामील होत नाही, आणि आपल्या अक्कुयू येथील अणुभट्टी रशियन कंपनीकडूनच बांधून घेतो. हट्टाची किंमतही तो मोजतो : २०१९ मध्ये रशियाची एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेतल्यावर अमेरिकेने त्याला एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर काढले. जास्त व्याजदरानेच महागाई वाढते, या एर्दोगान यांच्या (अर्थशास्त्राला उलटे टांगणाऱ्या) समजुतीपायी व्याजदर उतरवले गेले, लिरा हे तुर्की चलन कोसळले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर गेली. त्याच सुमारास श्रीमंत संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियाशी जुने वैर मिटवण्याची घाई का झाली, हे परकीय चलनाची चणचण पाहिल्याशिवाय उलगडत नाही. २०२३ ची निवडणूक जिंकल्यावर मेहमेत शिमशेक अर्थमंत्री झाले, धोरण उलटे फिरले आणि मार्च २०२४ पर्यंत ८.५ टक्क्यांचा व्याजदर ५० टक्क्यांवर गेला.

तेव्हा एम.ए.साठी 'सीयूईटी-पीजी' ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीच्या जेएनयूचा प्रयत्न जरूर करा, पण अर्थशास्त्राचा पाया आताच घाला. तुर्की भाषा दिल्लीत जामिया मिलियात शिकवली जाते. ती येत नसेल तर तुम्ही कायम इंग्रजी बातम्यांच्या उष्ट्यावर राहाल. 'तुर्कस्तानतज्ज्ञ हवेत' अशी जाहिरात क्वचितच निघते, हेही मी लपवत नाही. प्राध्यापकीसाठी 'नेट' किंवा 'सेट' ही पात्रता परीक्षा आणि पुढच्या बढतीसाठी पीएच.डी. लागेल, तर जोखीम विश्लेषणाच्या कामात संपूर्ण पश्चिम आशिया सांभाळावा लागेल.

अर्ज भरण्यापूर्वी तीन महिने तुर्की मध्यवर्ती बँकेचे परकीय देवघेवीचे आकडे पाहून दरमहा एक पान लिहा. पहिले पान वडिलांना दाखवा. लिरा घसरल्यावर सफरचंदांच्या पेटीमागे किती फरक पडायचा, हे तुम्हाला त्यांच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.