रिकामा डबा परत कसा पाठवू?

"मॅडम, एखाद्याचं चांगलं करायला जावं आणि त्यांनी दारालाच कडी लावावी, तर माणसाने करायचं काय?"

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी देवगड तालुक्यातून एसटीने कणकवलीला माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका ताईंचं हे पहिलं वाक्य. वय चव्वेचाळीस, वाडीतल्या अंगणवाडीत सेविका. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे इतक्यांदा येतो, की त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून तो इथे लिहिते आहे.

ताईंच्या घराला मधोमध भिंत आहे. मागच्या पिढीत वाटणी झाली तेव्हा ती घातली. पलीकडच्या अर्ध्या घरात त्यांच्या नवऱ्याची चुलती राहते, वय एकोणऐंशी, एकटी. काका प्राथमिक शिक्षक होते, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन येतं, पैशाची ओढाताण नाही. मुलगा विरारला. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, एरवी फोन. आपल्याकडे हे घरोघरी आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ बायका होत्या. पुरुषांनी मुंबई गाठायची आणि गावचं घर बायकांनी राखायचं, ही रीत त्या आकड्यांत दिसते. त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

ताई गेले वर्षभर काकींना डबा देत होत्या. सुरुवातीला काकींनी घेतला. मग डबे परत येईनासे झाले, तीन डबे तिकडेच राहिले. मग एके दिवशी, "माका भूक नाय, ने परत." ताईंना वाटलं, काकींचं डोकं चालेनासं झालं, डबे परत द्यायचे हेही त्या विसरल्या. दुसरीकडे वाडीत कुजबुज: हिचा काकीच्या अर्ध्या घरावर आणि सामायिक आंब्याच्या कलमांवर डोळा आहे. "करावं तर लोक हेतू शोधतात," ताई म्हणाल्या, "आणि न करावं तर रात्री भिंतीपलीकडे खोकला ऐकू येतो. झोप लागत नाही हो."

मी आधी नेहमीच्या गोष्टी विचारून घेतल्या. काकींची झोप कशी आहे, वजन उतरलंय का, देवपूजा, रेडिओ, शेजारणीशी बोलणं यांतलं काही सुटलंय का, माणसं ओळखतात का, पैशाचा हिशेब लागतो का. हे विचारावंच लागतं. म्हातारपणातली उदासी पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ती अंग दुखतंय, अन्न जात नाही, कशात राम नाही, अशा तक्रारींच्या रूपाने येते. आणि चांगलं बोलणारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागलं तर "वय झालं" म्हणून घरी बसू नये. लघवीचा संसर्ग, अंगातलं सोडियम कमी होणं, नवीन औषध, असं काहीही असू शकतं आणि उपचाराने माणूस पूर्वीसारखं होऊ शकतं. काकींच्या बाबतीत यातलं काही दिसत नव्हतं. पेन्शनचा पै-पैचा हिशेब त्यांना पाठ होता.

त्या दिवशी मी दिलेला सल्ला चुकला. मी म्हटलं, आठवड्याचे तीन वार ठरवा, आणि काकींना मोकळेपणाने सांगा, की तुम्ही मला आईसारख्या आहात, संकोच करू नका. ताईंनी अगदी तसंच केलं. दोन आठवड्यांनी परत आल्या तेव्हा सांगितलं, की डबा घेऊन गेलं की काकी आतून कडी लावतात.

तेव्हा मी प्रश्न बदलला. काकींना काय हवंय हे विचारणं सोडून विचारलं, "पूर्वी त्यांच्याकडून तुमच्याकडे काय यायचं?"

ताईंचा चेहराच पालटला. दहा मिनिटं त्या बोलत राहिल्या. घावणे, कुळथाची पिठी, फणसाच्या दिवसांत सांदणं, नागपंचमीला पातोळे. लग्न होऊन आल्यावर माशाची आमटी काकींनीच शिकवली. "आणि आमचं भांडं कधी रिकामं आलं नाही. काही नसलं तर चार मिरच्या. तेही नसलं तर चिमूटभर साखर."

"हे कधी थांबलं?"

त्या एकदम गप्प झाल्या. दोन वर्षांपूर्वी थंडीत काकी विहिरीकडे पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातात जोर राहिला नाही. कढई उचलत नाही, कापताना हात थरथरतो.

ते तीन डबे काकी विसरल्या नव्हत्या. ताईंनी नंतर पाहिलं, तर ते घासून, पुसून, फळीवर पालथे घालून ठेवलेले होते. त्यांत घालून पाठवायला काही नव्हतं, म्हणून तिथे होते. आणि चौथा डबा घ्यायचा म्हणजे आणखी एक ऋण डोक्यावर. ज्या बाईने पन्नास वर्षं दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवलं नाही, तिला मी "संकोच करू नका" असं सांगायला लावलं होतं. तिला ते किती लागलं असेल!

या कामात मी एवढं शिकले आहे, की म्हाताऱ्या माणसाला मदत नको असते असं क्वचितच असतं. नुसतं घेणारं होणं नको असतं. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका वृद्धनिवासातला छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, की तुमच्या गोष्टी तुम्ही ठरवा, आणि हे रोपटं तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी नर्स घालणार होत्या. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि आनंदी दिसू लागली. दोन्हीकडे झाड सारखंच होतं. फरक होता तो कोण ठरवतं आणि पाणी कोण घालतं याचा.

मे महिना होता, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकलेले. मी ताईंना विचारलं, "यंदा आमसुलं घातलीत?" घालायची होती. "मग डबा राहू दे. रातांबे घेऊन जा."

मदत मागायची, पण खोटी नाही, यावर मी फार जोर दिला. म्हाताऱ्यांना लहान मुलासारखं रमवायला काढलेलं काम लगेच कळतं आणि अपमान वाटतो. ताईंची गेल्या वर्षीची आमसुलं पावसाळ्यात बुरशी धरून फुकट गेली होती. म्हणजे गरज खरीच होती. त्या टोपली घेऊन काकींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गेल्या आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी माझी सगळी फुकट गेली, यंदा दाखवा." काकींनी आधी बघितलंही नाही. ताई खाली बसून रातांबे फोडू लागल्या. गर वेगळा, सालं वेगळी. गराच्या रसात मीठ घातलं, तेव्हा काकी पडवीतून बोलल्याच, "ह्या कोणी शिकवला तुका? मीठ खंय आसा ह्येच्यात?"

पुढचे आठ-दहा दिवस सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. कापणं, उचलणं ताईंचं. चव घेणं, ऊन पुरेसं झालं की नाही हे बोटाने चाचपून सांगणं काकींचं. त्याला मनगटात जोर लागत नाही. दुपार झाली की ताई तिथेच दोघींचं जेवण आणत, आणि त्यावरून कधी बोलणं झालं नाही. बरण्या भरल्या त्या दिवशी काकींनी तिन्ही डबे फळीवरून काढले, प्रत्येकात आमसुलं घातली आणि ताईंच्या हातात दिले.

घरावर डोळा असल्याच्या बोलण्याचं मी ताईंना एवढंच सांगितलं, की लोकांना समजावत बसू नका, पण मुलाला अंधारात ठेवू नका. ताईंनी स्वतः विरारला फोन करून आपण काय काय करतो ते सांगितलं. पासबुक, सातबारा, दागिने यांना हात लावायचा नाही, कोणी ठेवायला दिलं तरी नाही, हे आम्ही ठरवून टाकलं. मुलाचा आवाज सुरुवातीला तुटक होता. अजूनही थोडा आहे. भाऊबंदकीतलं जुनं दुखणं एका फोनने जात नाही, आणि ते घालवणं हे ताईंचं कामही नव्हे. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची मात्र त्यालाच काळजी होती, कारण काकींच्या बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र घेत नाही. आता चेहऱ्यावरूनही तो दाखला निघतो आणि पोस्टमन घरी येऊन काढून देतो, हे ताईंनी सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा "वहिनी" म्हणाला.

मुंबईतल्या मुलांनाही मी एक सुचवते. रोज "जेवलीस? गोळी घेतलीस?" एवढंच विचारू नका. तो हजेरीपट झाला. काहीतरी असं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय: यंदा घर शाकारायला कोणाला बोलवू, भाताचं बियाणं कुठलं घेऊ, त्या लग्नात आपल्याकडून आहेर काय गेला होता. आईला सल्ला देता आला की फोन आपोआप लांबतो.

बाकी ताईंनी जे केलं ते अगदी बारीक आहे. पावसाआधी पायरीच्या जांभ्यावरचं शेवाळ खरवडून काढलं. पायरी सामायिक, त्यामुळे उपकाराचा प्रश्नच नव्हता. काकींच्या माजघरातला मिणमिणता दिवा बदलला. पाठीमागून ओरडून बोलणं सोडलं. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, फक्त माणूस रागावलेलं वाटतं. समोर बसून, आपल्या तोंडावर उजेड ठेवून, सावकाश बोललं की बरंच काम होतं. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, कारण म्हातारपणी तहान लागलेली नीट कळत नाही. आणि रोज सकाळी काकींच्या न्हाणीतल्या चुलीचा धूर दिसला की मगच ताई अंगणवाडीला निघतात. त्यासाठी जाऊन दार वाजवावं लागत नाही.

जवळ असं कोणीच नसेल, किंवा घरातच म्हाताऱ्या माणसाचे हाल होत असतील, तर १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. फोनला पैसे पडत नाहीत, आणि शेजाऱ्यानेही करायला हरकत नाही.

ताई श्रावणात पुन्हा आल्या, सल्ल्यासाठी नाही, कणकवलीत काम होतं म्हणून. मध्ये त्यांना ताप आला होता. नवरा गावाबाहेर, मुलगा शिकायला रत्नागिरीला. दोन दिवस त्या नुसत्या पडून होत्या, पाणीसुद्धा गॅसवरच तापवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस धरलेला असताना, पडवीत काठीचा आवाज आला. काकी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकण घातलेला पेला, निम्मी पेज वाटेत सांडलेली.

"दोन दिस तुझ्या न्हाणयेतसून धूर नाय," त्या म्हणाल्या. "म्हटला, बघून येतंय."