प्रश्न: पुरुष, वय ४८, रक्तात मॅग्नेशियम १.६ (mg/dL), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) ३८० (ng/mL), झिंक जरा कमी. पुढे हृदयविकाराचा धोका आहे का? कोणत्या गोळ्या घेऊ?

गोळ्या नंतर. आधी हे आकडे असे का आले ते शोधा, आणि सुरुवात मॅग्नेशियमपासून करा.

शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं, निम्म्याहून जास्त हाडांत असतं. रक्तातली पातळी शरीर शक्यतो घसरू देत नाही. त्यामुळे १.९ आलं म्हणजे साठा भरलेला आहे असं नाही, पण १.६ आलं तर ते खरोखर कमी समजायचं. या वयात याचं कारण बरेचदा औषधांच्या डब्यात सापडतं. ॲसिडिटीसाठी वर्षभराहून जास्त काळ पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू आहे का? या गोळ्यांनी आतड्यातून मॅग्नेशियम कमी शोषलं जातं, आणि काही जणांमध्ये मूळ गोळी बंद केल्याशिवाय वरून कितीही दिलं तरी पातळी सुधारत नाही. त्याखेरीज बीपीसाठीची लघवी वाढवणारी औषधं, ताब्यात नसलेली साखर, नेहमीची दारू आणि जुनाट जुलाब हीही कारणं असू शकतात. मात्र कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. पुन्हा तपासताना पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) सोबत करा. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियमही घसरतं, आणि आधी मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय ते नीट वर येत नाही.

दीर्घकालीन धोक्याबद्दल सांगायचं तर फिनलंडमधल्या कुओपिओ भागातला अभ्यास महत्त्वाचा आहे. १९८४ ते १९८९ मध्ये ४२ ते ६० वयाचे २,६८२ पुरुष त्यात घेतले गेले आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. रक्तात मॅग्नेशियम कमी असलेल्यांची हाडं, विशेषतः खुब्याचं, पुढे जास्त मोडली. याच अभ्यासातून १९९२ साली असंही पुढे आलं की फेरिटिन २०० च्या वर असलेल्यांना हार्ट अटॅक दुपटीहून जास्त आले. पण नंतरच्या इतर अभ्यासांत फेरिटिनचा हा संबंध सातत्याने दिसला नाही. शिवाय असे अभ्यास संबंध दाखवतात. गोळी घेऊन आकडा बदलला म्हणजे धोका तेवढाच कमी होईल, हे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून ३८० वाचून घाबरू नका, रक्तदान करून ते उतरवायच्याही मागे लागू नका. फेरिटिन सूज, ताप, फॅटी लिव्हर आणि दारू यांनीही वाढतं. सर्दी-ताप जाऊन तीन-चार आठवडे झाल्यावर सकाळी उपाशीपोटी फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या करा. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह खरोखर साठतंय का हे तज्ज्ञाने पाहावं. त्याहून कमी असेल तर पोटाचा घेर, साखर आणि ट्रायग्लिसराइड्सकडे वळा, खरा धोका बहुधा तिथे असतो. उलट या वयाच्या पुरुषात फेरिटिन ३० च्या खाली आलं तर मला जास्त काळजी वाटेल, कारण मग आतड्यातून रक्त जातंय का हे तपासावंच लागतं.

झिंक जेवणानंतर आणि संसर्गातही खाली येतं, त्यामुळे एका रिपोर्टवर गोळ्या सुरू करू नयेत. रोज ५० मिलिग्रॅम झिंक महिनोन्महिने घेतलं तर तांबं कमी पडतं, मग रक्तक्षय होतो, पायाला मुंग्या येतात.

पुरुषाला दिवसाला साधारण ४४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. शंभर ग्रॅम बाजरी किंवा ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सव्वाशेच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांतून पन्नासेक आणि चमचाभर तिळातून तीसेक मिळतं. पांढऱ्या भातात फारच कमी. डॉक्टरांनी गोळी दिली तर मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री आधी हवी, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. मॅग्नेशियमच्या ऑक्साइड प्रकाराने जुलाब होऊ शकतात, तसं झालं तर ग्लायसिनेट प्रकाराबद्दल विचारा.

हातपाय वळत असतील, छातीत अनियमित धडधड होत असेल किंवा मॅग्नेशियम १.२ च्या खाली गेलं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.