कूलंटचे धुके आणि वेल्डिंगचा धूर: दोन्हींसाठी एकच यंत्र घ्यावे का?

आपल्या भोसरीच्या शेडमध्ये चार व्हीएमसी (उभ्या अक्षाची मिलिंग मशीन), दोन टर्निंग सेंटर (संगणकीय लेथ) आणि कोपऱ्यात सीओटू वेल्डिंगची दोन टेबले आहेत. मशीनमधून कूलंटचे, म्हणजे कटिंग करताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, धुके उडते आणि टेबलांवरून धूर निघतो. या सगळ्यांना एकाच डक्टने (हवा वाहून नेणाऱ्या नळीने) जोडून एकच मध्यवर्ती यंत्र बसवावे आणि त्यात ‘९९.९७ टक्के’ क्षमतेचा हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा, फिल्टर असावा, असे कोटेशन आपल्याला मिळाले आहे. ते स्वीकारावे का, हा आपला प्रश्न. माझ्या मते स्वीकारू नये. किंमत रास्त असली तरी नको, कारण यात मूळ मांडणीच चुकलेली आहे.

वेल्डिंगच्या टेबलावरून धुराबरोबर ठिणग्याही ओढल्या जातात, तर मशीनकडून येणाऱ्या डक्टच्या आतल्या बाजूला तेलाचा थर बसत जातो. हे दोन्ही एका नळीत आणणे म्हणजे आगीची सोय स्वतःच्या हाताने करून ठेवणे होय. आग लागली नाही तरी फिल्टर टिकत नाही. चाकणला असताना आम्ही एका पुरवठादाराच्या शब्दावर विसंबून टर्निंग सेंटरच्या डक्टला धुळीसाठीचे पल्स जेट कार्ट्रिज युनिट (घड्यांच्या फिल्टरवरची धूळ दाबाच्या हवेने झटकणारे) जोडले होते. दोन महिन्यांनी झाकण उघडले तेव्हा कार्ट्रिजच्या घड्या एकमेकींना चिकटून तेलात भिजलेल्या वातीसारख्या झाल्या होत्या. दाबाच्या हवेने कोरडी धूळ झटकली जाते, तेलात कालवलेली धूळ झटकली जात नाही, एवढी साधी गोष्ट आम्ही विचारात घेतली नव्हती. म्हणून पहिला निर्णय असा घ्यावा की मशीनसाठी मिस्ट कलेक्टर (धुके गोळा करणारे यंत्र) वेगळा आणि वेल्डिंगसाठी फ्यूम एक्स्ट्रॅक्टर (धूर ओढणारे यंत्र) वेगळा.

मिस्ट कलेक्टर निवडण्याआधी आपण पाण्यात मिसळणारे कूलंट (सोल्युबल ऑइल) वापरता की नीट, म्हणजे पाणी न मिसळलेले, कटिंग ऑइल, हे ठरवून पुरवठादाराला सांगावे. सेंट्रिफ्युगल प्रकारचा कलेक्टर, म्हणजे फिरणाऱ्या ड्रमवर थेंब आपटवणारा, स्वस्त असतो आणि सोल्युबल ऑइलच्या जाड थेंबांसाठी ठीक चालतो. पण नीट ऑइलवर जोरात कटिंग करताना जो निळसर धूर निघतो, तो त्यातून बराचसा पार होतो. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रकार, म्हणजे विजेच्या भाराने कण प्लेटींवर ओढणारा, बारीक धूर धरतो, मात्र प्लेटी मळल्या की त्याची क्षमता घसरते आणि पाण्याचा अंश जास्त असेल तर आत ठिणग्या पडू लागतात. दर काही आठवड्यांनी प्लेटी काढून धुणारा माणूस आपल्याकडे आहे का, हे प्रामाणिकपणे तपासूनच तो घ्यावा. तिसरा प्रकार तंतूंच्या जाड थराचा. त्यात बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आपल्या वजनाने खाली गळतात, व पुढे उरलेल्यासाठी हेपा बसवता येतो. सहा मशीनच्या मिश्र कामाला मी हाच प्रकार निवडेन, फक्त त्याच्या आधी चिप्स आणि मोठे थेंब अडवणारी धातूची जाळी हवीच.

हवेचे प्रमाण किती घ्यावे, याचा एक घरगुती हिशेब देतो. मशीनच्या बंदिस्त भागाचे आकारमान २ घनमीटर आणि ओढ ताशी ५०० घनमीटर असेल, तर आतली हवा साधारण १४ सेकंदांत एकदा बदलते. मात्र येणारी हवा आतल्या हवेत मिसळत जात असल्याने एका बदलानंतरही सुमारे ३७ टक्के धुके शिल्लक राहते, तीन बदलांनंतर ५ टक्के. म्हणजे एका नगाचे मशीनिंग (सायकल) संपल्यावर दार ४०-४५ सेकंद बंद राहिले तर ऑपरेटरच्या तोंडावर येणारे धुके जवळजवळ नाहीसे होते. पीस रेटवर (नगामागे मजुरीवर) काम असेल तर हा थांबा कोणी स्वखुशीने पाळत नाही, त्यामुळे तो प्रोग्रॅममध्येच टाकावा. कूलंटचे कॉन्सन्ट्रेशन (पाण्यातले प्रमाण) रिफ्रॅक्टोमीटर या मापकाने रोज पाहणे आणि त्यात बाहेरून मिसळून वर तरंगणारे ट्रॅम्प ऑइल काढणे यानेही धुके कमी होते, आणि त्याला फारसा खर्च नाही.

वेल्डिंगच्या बाबतीत फिल्टरपेक्षा हुडचे, म्हणजे धूर ओढणाऱ्या तोंडाचे, आर्कपासूनचे (वेल्डिंगच्या ठिणगीपासूनचे) अंतर महत्त्वाचे आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे. १६० मिलिमीटर व्यासाचे तोंड आर्कपासून ३० सेंटिमीटरवर ठेवून आर्कपाशी सेकंदाला ०.५ मीटर वेग मिळवायचा असेल, तर ताशी सुमारे १,६५० घनमीटर हवा ओढावी लागते. तेच तोंड १५ सेंटिमीटरवर आणले तर सुमारे ४४० पुरते. अंतर निम्मे, हवा जवळजवळ चौथाई. मोठ्या ब्लोअरवर पैसे घालण्यापेक्षा जिथे ठेवाल तिथे थांबणारी, सहज वळणारी आर्म (हुड धरणारी नळी) घ्यावी. ओढ फार जोरात असेल तर वेल्डला हवेपासून वाचवणारा शील्डिंग गॅस उडून वेल्डमध्ये ब्लो होल (पोकळ छिद्रे) येतात, आणि मग वेल्डर आर्म वर ढकलून देतो. तो आळशी नसतो, त्याला रिजेक्शनची (काम नाकारले जाण्याची) भीती असते. म्हणून खरेदीआधी त्याच्याच टेबलावर चाचणी घ्यावी. काम सुरू होण्यापूर्वी, आसपास तेल-थिनर काही नाही हे पाहून, आर्कच्या जागी पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ हुडात जातो की वर जाऊन पसरतो, हे कोणत्याही मीटरइतके स्पष्ट दिसते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ चा रोखही हाच होता, की एक्झॉस्ट लागत असेल तर तो उगमाच्या शक्य तितक्या जवळ लावावा आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. वेल्डिंगचा धूर केवळ त्रासदायक आहे असे समजू नये, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली त्याला निश्चित कर्ककारक गटात घातले आहे. स्टेनलेसच्या कामात षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) आणि निकेल असते, म्हणून ते काम होत असेल तर गाळलेली हवा शेडमध्ये परत न सोडता बाहेर न्यावी. हेपा कण अडवतो, वायू नाही; कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन त्यातून सरळ निघून जातात.

कोटेशनमधील ९९.९७ हा आकडा ०.३ मायक्रॉनच्या कणांसाठीच्या फिल्टर पेपरचा आहे, आपल्या शेडमधल्या हवेचा नाही. जो धूर हुडात शिरलाच नाही, त्याला तो आकडा लागू होत नाही. त्याऐवजी फिल्टर मळून बदलायच्या स्थितीला आल्यावर हुडाच्या तोंडाशी किती हवा मिळेल, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. नव्या फिल्टरवरचा किंवा मोकळ्या ब्लोअरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) सगळेच सांगतात. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारे गेज युनिटवर असावे, नाहीतर फिल्टर कधी बदलायचा हे अंदाजाने ठरते. वेल्डिंगच्या डक्टमध्ये फिल्टरच्या अलीकडे ठिणग्या विझवणारा टप्पाही मागावा.

एक शेवटचे, जे कोटेशनमध्ये कधीच नसते. मिस्ट कलेक्टरचा फिल्टर ओढीच्या बाजूला असल्यामुळे तळाची ड्रेन नळी सरळ सोडली तर तेल खाली न येता नळीतून उलट हवा वर ओढली जाते. नळीला यू आकाराचा ट्रॅप हवा आणि त्याची उंची ओढीपेक्षा जास्त हवी. आतली ओढ १५० मिलिमीटर पाण्याइतकी असेल, तर तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने मी ट्रॅप २५० ते ३०० मिलिमीटरचा ठेवतो आणि युनिट सुरू करण्यापूर्वी त्यात तेल ओतून घेतो. आमच्याकडे हा ट्रॅप नव्हता. तीन आठवड्यांनी कलेक्टर तुडुंब भरून ब्लोअरमधून तेल भिंतीवर उडाले, तेव्हा फिटरने ती नळी पाहिली.